स्टँडपर्यंत

३ नोव्हेंबर

भाऊजी,

वहिनीचं अक्षर बघून धसका घेऊ नका, घरात सगळे जिवंत आहेत. तुमचा पत्ता मुकादमीणबाईंच्या जावयाकडून मिळाला. तो तुमच्या शहरात माल घेऊन येतो. म्हणाला, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं तुमचं दुकान आहे, फुटपाथवरच सगळं उघडून बसलेले असता. ऐकून हसू आलं. लहानपणी घरातलं घड्याळ उघडून बसलात म्हणून मार खाल्लात, आता त्याच खोडीवर पोट भरताय.

काम असं आहे. आपलं कॉफीचा गर काढायचं यंत्र अडलंय. दांडा फिरवला की फळाची साल एका बाजूला आणि बी दुसऱ्या बाजूला पडायला हवी, तर आता सालीबरोबर बीही चिरडून येते. तोडणी सुरू झाली आहे. तोडलेलं फळ त्याच दिवशी सोललं नाही तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू? काल अर्धी टोपली आंबून गेली. कुठला स्क्रू किती फिरवायचा तेवढं लिहून कळवा.

फोन का केला नाही म्हणाल. नंबर होता माझ्याकडे. पण हे पलीकडच्याच खोलीत असतात आणि आपल्या भिंती तुम्हाला ठाऊक आहेत, इकडे शिंकलं की तिकडून जवाब येतो. ह्यांना मी लिहिलेलं ठाऊक नाही. उत्तर मुकादमीणबाईंच्या पत्त्यावर पाठवा.

तुमच्या दादांची तब्येत बरी आहे. पाठ जरा धरली आहे, एवढंच.

वहिनी

२१ नोव्हेंबर

भाऊजी,

चित्र काढून पाठवलंत ते बरं झालं. बाण दाखवला होता तो स्क्रू मी तीन वेळा चुकीचा फिरवला, चौथ्यांदा बरोबर बसला. आता बी अख्खी पडते. तुमच्या शेवटच्या ओळीला मात्र मी दोन दिवस टाळत होते. "दादा तापात फणफणत असतानाही त्या यंत्राला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. पाठ धरली म्हणून तो यंत्र वहिनीवर सोडेल? खरं काय ते लिहा." वकील व्हायचं सोडून मोटारी कसल्या दुरुस्त करता?

खरं लिहिते. ऑक्टोबरात सावलीच्या झाडांची छाटणी चालली होती. फळं पिकायला लागली की वरची सावली कमी करावी लागते, ती ह्यांनी कधी मजुराला करू दिली नाही. मजूर फांदी तोडतो, खालचं कॉफीचं झाड मोडतं, असं म्हणायचे. कोपऱ्यातल्या उंच झाडाला शिडी लावली होती. वरून पडले. मी पाणी घेऊन चालले होते, पडताना पाहिलं नाही, आवाज ऐकला.

मोठ्या दवाखान्यात नेलं, ठेवलं, आणि परत आणलं. कंबरेखाली काही राहिलेलं नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हे असंच राहणार. आत गेले तर हे म्हणाले, "बाहेर बोलावून सांगतात ते आतल्याला आधीच कळलेलं असतं. चल, घरी घेऊन चल. फळं लाल झाली असतील."

आता पलंग खळ्याकडच्या खिडकीशी लावला आहे. तिथून हुकूम सुटतात. बी वाळत घातली की सारखं ओरडायचं, "पश्चिमेकडची उलथ, तिकडे ऊन आधी जातं!" कामावरच्या बायका म्हणतात, मालक पडले तरी सुटका नाही.

परवा व्यापारी आला होता. तोच, बी दाताखाली धरून वाळली की नाही सांगणारा. आता त्याला कवळी आली आहे, म्हणून बायकोला सोबत घेऊन हिंडतो. ती चावते, तो भाव सांगतो. हे पलंगावरून म्हणाले, "वहिनीबाई, जपून चावा, ह्यांचा सगळा धंदा तुमच्या तोंडात आहे." किती दिवसांनी हसले. मग हसता हसता खोकला आला आणि पाठीतून कळ गेली, तेव्हा मी खळ्यात पळाले. माझ्यासमोर ओरडायला नको म्हणून दात आवळून धरतात. मी समोर नसले की जरा ओरडता येतं त्यांना.

तुम्ही यावं असं मी म्हणत नाही. विचारलंत म्हणून लिहिलं.

वहिनी

१४ डिसेंबर

भाऊजी,

चोरी पकडली गेली.

परवा मी यंत्रावर होते. आतून हाक आली. गेले तर म्हणतात, "ह्या यंत्राचा आवाज बदललाय. असा आवाज एकच माणूस काढतो त्यातून. तो येऊन गेला की तू त्याला विचारलंस?"

मी म्हटलं, "विचारलं."

ह्यांनी मान खिडकीकडे वळवली. मला वाटलं, आता भांडं फेकतील. तर म्हणाले, "केस गेले का त्याचे? बाबांचे लवकर गेले होते."

आता सांगा, ह्याला काय उत्तर देणार? नऊ वर्षं ह्या घरात तुमचं नाव निघालं नाही. कोणी काढलं तर हे उठून बागेत जायचे. आणि आता उठून जायची सोय राहिली नाही तर विचारलं काय, तर केस!

मी म्हटलं, मला काय ठाऊक, येऊन दाखवायला सांगू का? तर म्हणाले, "मी कुठं नको म्हटलंय." भाऊजी, तुमच्या दादांच्या तोंडून ह्याहून जास्त निघणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही वाटणीत आलेली खालची बाग डोंगर फोडणाऱ्या खडीवाल्यांना विकलीत, त्याचं मीही वाईट वाटून घेतलं होतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही तेव्हा मला म्हणाला होतात, "वहिनी, आमच्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या कपातली कॉफी पिकवली आणि स्वतः झाडलोटीतली बी भाजून प्यायली. मला तसं मरायचं नाही." ते मी ह्यांना कधी सांगितलं नाही. परवा सांगितलं. ऐकून म्हणाले, "आईला ती झाडलोटीतलीच आवडायची. धुराचा वास यायचा तिला." आणि थोड्या वेळानं, "पण त्याला कसं ठाऊक असणार, तो लहान होता."

ह्यांना विकल्याचा राग होता तसा दुसराही एक होता, तो तुम्हाला कधी कळलाच नाही. खडीवाल्यांनी झाडं पाडली तेव्हा ती फुलांवर होती. हे कुंपणाशी उभे होते. सगळी उतरण पांढरी, तो वास, आणि त्यात ते झाडं पाडणारं यंत्र. घरी येऊन म्हणाले, "चार दिवस थांबायला सांगायचं होतं त्यानं. फुलं गळू द्यायची होती." त्यानंतर नाव घेतलं नाही.

आता म्हणतात, आल्यावर खडीचा विषय काढायचा नाही. मीही काढणार नाही, तूही काढू नकोस. मला दोनदा बजावलं. म्हणजे तुम्ही येणार असं धरूनच चाललेत.

या. तोडणी संपायच्या आत या.

वहिनी

९ जानेवारी

भाऊजी,

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो म्हणून तुम्ही लिहिलंत. ते पत्र ह्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं, मग उशीखाली ठेवलं.

शनिवारी न्हाव्याला बोलावलं. दाढी केली, केस कापले. न्हाव्याला म्हणाले, कानावरचे नीट काप, धाकटा येतोय, म्हातारा झालो म्हणेल. पलंग खिडकीपासून वळवून दाराकडे तोंड करायला लावला, मी आणि मुकादमीणबाईंनी मिळून वळवला. ह्या वर्षीची पहिली वाळलेली बी मी तव्यावर भाजली. घरभर वास सुटला. हे म्हणाले, थोडी करपव, त्याला कडू लागते.

सकाळची गाडी आली नि गेली. हे म्हणाले, गर्दी असेल, दुपारच्या गाडीनं येईल. दुपारची गेली. संध्याकाळच्या गाडीचा हॉर्न खाली वळणावर वाजला तेव्हा ह्यांनी मान उचलून दाराकडे पाहिलं. मी त्यांच्या मानेखाली हात घातला होता, ती मान किती वेळ तशी धरून ठेवली होती ते माझ्या हाताला कळत होतं.

मी खोटं बोलले. म्हटलं, घाटात झाड पडलंय, गाड्या अडकल्यात, मुकादमीणबाईंना कळलं. हे म्हणाले, "असेल."

मग बुधवारी मी किराणा आणायला खाली गेले तर स्टँडवरच्या चहावाल्या मावशीनं हाक मारली. म्हणाली, तुमचा दीर आला होता की रविवारी! निळा सदरा, खांद्याला बॅग, हातात मिठाईचा खोका. तिनं ओळखलं तुम्हाला. तिच्याकडे चहा घेतलात. मग रस्त्याच्या टोकाला जाऊन उभे राहिलात, जिथून पूर्वी खालची बाग दिसायची. तिला विचारलंत, डोंगर कुठं गेला? ती म्हणाली, तो तर केव्हाच गेला, आता खड्डा आहे, पुढच्या वळणावर गेलात की नीट दिसेल. तुम्ही वळणाकडे गेला नाहीत. परतीच्या गाडीत बसलात. मिठाईचा खोका तिच्या बाकावर राहिला, तो तिनं मला दिला.

भाऊजी, तुम्ही आला होतात. चालत अर्ध्या तासाच्या आत घरी पोचला असतात. तुमचा दादा दाराकडे तोंड करून पडला होता.

मी रागात आहे. उद्या राग उतरला तर हे लिहायची नाही, म्हणून आज लिहिते. ह्यांनी मला शपथ घातली होती की हे तुम्हाला कळवायचं नाही. हे शिडीवर होते तेव्हा खाणीत सुरुंग उडाला. रोज दुपारी उडतो, घरातली भांडी वाजतात. त्या दिवशी वाजली आणि लगेच मी तो दुसरा आवाज ऐकला. दवाखान्यात मी बोलले तर हे माझ्यावर ओरडले. "रोजचा आवाज आहे तो, त्यानं कोण पडतं? माझा पाय चुकला. त्याला असलं काही लिहिलंस तर बघ. जन्मभर उरावर घेऊन बसेल."

आता बसा.

वहिनी

३० जानेवारी

भाऊजी,

उत्तर नाही. मीही तुमच्या जागी असते तर दिलं नसतं.

तोडणी संपली. शेवटची टोपली मीच आणली. पोती भरून ठेवली आहेत. ह्यांना पाठीवर जखमा झाल्या आहेत, दर थोड्या वेळानं कूस बदलावी लागते. मधूनमधून ताप येतो. पलंग परत खिडकीकडे वळवायला मी विचारलं. नको म्हणाले.

वहिनी

२९ मार्च

भाऊजी,

फोनवर मला धड बोलता आलं नाही. तुम्ही फक्त "हं" म्हणालात आणि मागे चाललेली मोटार बंद झाल्याचा आवाज आला. मग मीच फोन ठेवला. तुम्ही आला नाहीत. चार माणसांत विचारणाऱ्यांना मी सांगितलं की धाकटा आजारी आहे. आता मला खोटं चांगलं जमायला लागलं आहे.

हे कसे गेले ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

ह्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला एक सर आली, जोराची, आणि दुसऱ्या आठवड्यात बाग फुलली. सकाळी मी दार उघडलं तर वास आत शिरला. हे जागे होते. म्हणाले, "किती फुललंय?" मी म्हटलं, सगळं. म्हणाले, "तू सगळंच सगळं म्हणतेस. मला बघू दे."

ताप होता. डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलं होतं. मी मुकादमीणबाईंना बोलावलं, त्या चार बायका घेऊन आल्या. पलंग काही दारातून निघेना. शेवटी दार बिजागरीतून काढलं. बायका पलंग उचलून चालल्या आणि हे वरून सूचना देताहेत, डावीकडे मूळ आहे, पाय बघून टाका. एक बाई म्हणाली, मालक, आम्ही तुम्हाला उचललंय, तुम्ही आम्हाला नाही. हे म्हणाले, "म्हणून तर सांगतोय, पडलात तर मी उचलू शकणार नाही."

मधल्या ओळीत, जुन्या झाडांच्या खाली पलंग ठेवला. बायका कामाला गेल्या. मी पायाशी बसले. फांद्या पांढऱ्या झाल्या होत्या, पानं दिसत नव्हती. खाणीकडच्या कडेच्या ओळीत फुलांवर धूळ बसली होती, ती ह्यांना दिसू नये म्हणून मी मुद्दाम पाठ त्या बाजूला करवली होती. मधमाश्यांचा आवाज एवढा होता की जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं.

हे म्हणाले, "धाकटा स्टँडपर्यंत आला होता ना?"

मी विचारलं, कुणी सांगितलं?

"न्हाव्यानं. पुढच्याच दाढीला. त्याला वाटलं मला माहीत आहे."

म्हणजे जानेवारीपासून त्यांना ठाऊक होतं. मी मधल्या काळात ते घाटातलं झाड दोनदा पुन्हा पाडलं होतं, एकदा दरडही कोसळवली होती, आणि हे प्रत्येक वेळी "असेल" म्हणत होते. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "तू एवढ्या मेहनतीनं खोटं बोलत होतीस. म्हटलं, कशाला मोडा."

मला रडू यायला लागलं तेव्हा म्हणाले, "अगं, रागवू नकोस त्याच्यावर. तो स्टँडपर्यंत आला. मी किती वेळा गेलोय त्या स्टँडवर माहीत आहे? खत आणायला जातो म्हणून सांगायचो तुला. त्याच्या शहराची गाडी लागायची. कंडक्टर ओरडायचा, चला चला. एकदा तर तिकीट काढलं होतं. गाडीला पाठ करून चहा प्यायलो आणि गाडी गेली. त्याची गाडी तरी इकडे आली. माझी कधी तिकडे गेली नाही."

मी तुम्हाला हे कधी लिहिलं नाही कारण मलाही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं मी खताच्या गोणीला शिव्या देत होते, एवढा वेळ कशाला लागतो म्हणून.

दुपारी ऊन आलं म्हणून आम्ही त्यांना परत घरात आणलं. खाण त्या दिवशी बंद होती का काय, सुरुंग उडाला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप एकदम चढला. डॉक्टर येईपर्यंत शुद्ध होती. पाणी मागितलं. खळं झाडून घे म्हणाले, तोडणीला अजून सात-आठ महिने आहेत हे विसरून. मी म्हटलं, घेते. त्यावर मान हलवली, ती शेवटची.

आता दुसरी गोष्ट. खडीवाले येऊन गेले. मला बसायला सांगितलं, माझ्याच घरात. वरची बागही द्या म्हणाले, बाईमाणसाला एकटीनं कसं झेपणार, शहरात कुणाकडे तरी जा. चांगले बोलले, वाईट काही नाही. मी विचार करून सांगते म्हटलं. आणि खरंच विचार केला, भाऊजी, खोटं सांगत नाही. मी काही ह्यांच्यासारखी झाडांशी लग्न केलेली नव्हे. माझे गुडघे दुखतात. पावसाळ्यात तणाशी, मग किड्याशी, मग व्यापाऱ्याशी, आणि सगळ्यातून काय उरतं ते तुमच्या आईनं पाहिलं आणि मीही पाहिलं.

पण फुलं गळून गेलीत आणि देठाशी हिरवे दाणे बसलेत. धूळ होती त्या ओळीतसुद्धा थोडे बसलेत. एवढं वर्ष तरी ते पिकू देणार आहे. पुढचं पुढे. खडीवाल्यांना तसं कळवलं आहे.

जानेवारीत मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं होतं. पण ते ह्यांचं होतं, माझं नव्हतं, आणि ह्यांनी ते सोडून दिलं होतं. तुम्हीही सोडा. सोडता येईल तेवढं.

राहता राहिलं तुमचं स्टँडपर्यंत येणं. ह्यांना तेवढं पुरलं. मोठ्या मनाचा माणूस, किंवा घाबरट, तुम्ही दोघे भाऊ एका मापाचे. मला ते पुरत नाही. मला ह्या घरात माणूस हवं आहे जे ह्यांना दादा म्हणत होतं. मी एकटीनं ह्यांच्याबद्दल बोलते तेव्हा बायका ऐकतात आणि मान हलवतात, पण हे लहानपणी कसे होते ते त्यातल्या एकीलाही ठाऊक नाही. मलाही नाही. तुम्हालाच आहे.

एकट्यानं ते वळण पार होत नसेल तर तसं सांगा. कुठल्या गाडीनं येताय ते कळवा, मी खाली स्टँडवर येऊन बसते. बरोबर चालू. खड्ड्याच्या बाजूनं मी चालेन, तुम्ही आतल्या बाजूनं चला.

वहिनी